अंकोरचे ख्मेर लोक हिंदू होते की बौद्ध? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंबोडियाला जाऊन आलेली आणि जायच्या तयारीत असलेली मंडळी फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात, त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर अंकोर वाटचे फोटो आणि त्याखाली काहीबाही मजकूर फिरत असतोच. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. अंकोर म्हणजे कंबोडियातल्या ख्मेर राजांची जुनी राजधानी, आणि अंकोर वाट हे तिथलं सगळ्यात प्रसिद्ध देऊळ. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे मजा आहे, आणि काही दोन ओळींत आटपली आहेत.

आधी थेट सांगा, हिंदू होते की बौद्ध?

दोन्ही. आणि बऱ्याचदा एकाच वेळी, एकाच घरात. आपण हा प्रश्न जनगणनेच्या फॉर्मसारखा विचारतो, एकाच चौकोनात टिक करा म्हणून, आणि तिथेच गल्लत होते. दहाव्या शतकातला राजेंद्रवर्मन घ्या. राजा शैव. त्याने पूर्व मेबोन नावाचं शिवाचं देऊळ बांधलं, मोठ्या तलावाच्या मधोमध, 953 साली प्रतिष्ठा झाली. आता त्या कामावर देखरेख कुणाची, तर कवींद्रारिमथन नावाच्या मंत्र्याची, आणि हा गृहस्थ पक्का बौद्ध. त्याने राजासाठी शिवाचं देऊळ उभं केलं आणि शेजारीच स्वतःसाठी बाट चुम नावाचं छोटं बौद्ध मंदिर बांधलं. राजाला त्यात काही वावगं वाटलं नाही आणि मंत्र्यालाही नाही. ख्मेर लोकांनी हे दोन्ही धर्म आपल्या गरजेप्रमाणे घेतले, वाकवले, त्यांच्या आधीच्या पूर्वजपूजेवर आणि जागेच्या देवांवर चढवले, आणि जे नको ते सरळ बाजूला ठेवलं. खाली जे काही आहे ते फिरून फिरून याच मुद्द्यावर येतं, हे आधीच सांगून ठेवतो.

भारतातल्या कुठल्या राजाने स्वारी करून हे तिकडे नेलं का?

नाही. कंबोडिया जिंकल्याचा कसलाही पुरावा नाही, हे फॉरवर्ड डिलीट करा.

गेले ते व्यापारी, आणि त्यांच्या जहाजांवरून पुरोहित आणि भिक्खू. मेकाँगच्या मुखाशी, आजच्या व्हिएतनाममध्ये, ओक एओ नावाचं जुनं बंदर सापडलंय, तिथे भारतीय मणी, अंगठ्या आणि चक्क रोमन सम्राटाचं पदकसुद्धा मिळालं. या भागाला चिनी लोक फुनान म्हणायचे. जहाजं मान्सूनच्या वाऱ्यावर चालायची, म्हणजे एकदा तिकडे पोचलं की वारा उलटा फिरेपर्यंत कित्येक महिने मुक्काम, मग लग्नं होतात, देव्हारे बसतात, मुलांना कुणीतरी अक्षर शिकवतं. शिवाय स्थानिक सरदारांनाही हे हवंच होतं, कारण शेजारच्या चार सरदारांपेक्षा आपण वेगळे आहोत हे दाखवायला संस्कृत नाव, ब्राह्मण पुरोहित आणि दगडी देव याच्यासारखं दुसरं साधन नव्हतं. म्हणजे इकडून लादलं कमी गेलं आणि तिकडून मागवलं जास्त गेलं.

कौंडिण्य आणि नागकन्येची गोष्ट खरी आहे का?

इतिहास म्हणून नाही, पण गोष्ट म्हणून फार बोलकी आहे. कौंडिण्य नावाचा ब्राह्मण समुद्रापलीकडून येतो, नागराजाची मुलगी सोमा हिच्याशी लग्न करतो आणि त्यातून राजवंश सुरू होतो. ही कथा चाम लोकांच्या (ख्मेरांचे शेजारी, आजच्या मध्य व्हिएतनाममधले) मी सोन इथल्या 658 सालच्या संस्कृत शिलालेखात आहे आणि चिनी नोंदींतही वेगळ्या रूपात येते.

यात लक्ष द्यायची गोष्ट म्हणजे जमीन मुलीची आहे. बाहेरचा माणूस येतो तो जावई म्हणून. आणि ही गोष्ट नुसती शिलालेखात पडून राहिली नाही. 1296 मध्ये चोऊ तागुआन नावाचा चिनी दूत अंकोरला आला, साधारण वर्षभर राहिला, त्याने लिहिलंय की राजवाड्यात सोन्याचा मनोरा आहे, त्यात नऊ डोक्यांची नागीण स्त्रीरूपात राहते, आणि राजाला रोज रात्री आधी तिच्याकडे जावं लागतं, नाही गेला तर राज्यावर संकट, असं लोक मानतात. आजही ख्मेर लग्नात नवरा नवरीच्या शेल्याचं टोक धरून तिच्या मागे चालतो, तो याच कथेच्या ख्मेर रूपातला प्रसंग, त्यात ब्राह्मणाऐवजी राजपुत्र आहे आणि तो नागकन्येमागे पाताळात जातो. अंकोरमध्ये प्रत्येक पुलाच्या कठड्याला नाग का आहेत याचं उत्तरही बरंचसं इथेच मिळतं.

आधी कोण आलं, बौद्ध की हिंदू?

जवळजवळ बरोबरच. फुनानमधला संघपाल नावाचा भिक्खू सहाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनमध्ये बसून बौद्ध ग्रंथांची भाषांतरं करत होता, आणि त्याच काळात फुनानमध्ये विष्णूच्या आणि हरिहराच्या अप्रतिम मूर्ती घडत होत्या. हरिहर म्हणजे अर्धा शिव अर्धा विष्णू, ख्मेरांना हा देव सुरुवातीला फारच आवडायचा. त्यांची एक राजधानीच हरिहरालय नावाची होती.

देवराज म्हणजे राजा स्वतःला देव समजायचा का?

पर्यटकांना असंच सांगतात. पण मामला इतका सरळ नाही.

802 साली जयवर्मन दुसरा याने महेंद्रपर्वतावर, म्हणजे आजच्या फ्नॉम कुलेनवर, एक विधी करवून घेतला आणि स्वतःला चक्रवर्ती जाहीर केलं. विधी केला हिरण्यदामा नावाच्या ब्राह्मणाने, आणि त्याने तो शिवकैवल्य नावाच्या राजपुरोहिताला शिकवला. हे आपल्याला कळतं ते स्डोक काक थोम इथल्या शिलालेखातून, जो अकराव्या शतकाच्या मध्यातला आहे, म्हणजे घटनेनंतर अडीचशे वर्षांनी कोरलेला. 340 ओळींचा हा लेख निम्मा संस्कृत आणि निम्मा ख्मेर आहे आणि आज तो थायलंडच्या हद्दीत येतो. संस्कृतमध्ये शब्द आहे देवराज, ख्मेर भागात जे म्हटलंय त्याचा अर्थ लागतो 'राजा असलेला जगताचा स्वामी'. ती राजाची पदवी होती, की राजाबरोबर राजधानी बदलताना फिरवली जाणारी एखादी पवित्र मूर्ती, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. माझं मत मूर्तीच्या बाजूने झुकतं, कारण लेखात तिचा पुरोहित आहे, तिचं स्थलांतर आहे, तिची जमीन आहे.

पण या लेखातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. ते पुरोहितपद अडीचशे वर्षं एकाच घराण्यात राहिलं, पण बापाकडून मुलाकडे न जाता आईच्या बाजूने गेलं, म्हणजे मामाकडून भाच्याकडे. शास्त्र सगळं भारतातलं, मंत्र संस्कृत, आणि वारसा मात्र ख्मेर पद्धतीने. इकडच्या एखाद्या घनपाठ्याला सांगून बघा, त्याला पटणार नाही.

मग जातिव्यवस्था पण गेली असणार की?

नाही गेली, निदान आपल्याकडे होती तशी तर नाहीच. शिलालेखांत वर्ण हा शब्द येतो, पण तो राजाने नेमून दिलेल्या दरबारी गटांसाठी किंवा मानासाठी येतो. ब्राह्मण होते, त्यांना मान होता, पण राजघराण्याशी त्यांची सर्रास लग्नं व्हायची. बांतेय स्रेई नावाचं देऊळ ज्याने बांधलं तो यज्ञवराह ब्राह्मण पुरोहित होता आणि आईकडून राजा हर्षवर्मनचा नातू होता.

याचा अर्थ तिथे समता नांदत होती असा अजिबात घेऊ नका. देवळांना वाहिलेल्या सेवकांच्या लांबच लांब याद्या शिलालेखांत आहेत, आणि जुन्या याद्यांत काही जणांची नावं कुत्रा, मांजर, किळसवाणा अशा अर्थाची आहेत. शिलालेखाचा वरचा भाग संस्कृतमध्ये, त्यात शिवाची स्तुती, राजाची स्तुती, अलंकार, वृत्तं सगळं चोख, आणि खाली ख्मेरमध्ये कोरडा हिशेब, एवढी जमीन, एवढा तांदूळ, एवढी माणसं. धर्म वरच्या मजल्यावर काय करत होता आणि खालच्या मजल्यावर काय करत होता हे एकाच दगडावर दिसतं.

साधी माणसं खरंच शिव-विष्णू-बुद्ध मानायची का, की हे सगळं राजवाड्यापुरतं?

मधलं काहीतरी. गावातल्या माणसाचा रोजचा देव म्हणजे नेआक ता, झाडात, टेकडीत, वारुळात राहणारा त्या जागेचा राखणदार. आपल्याकडे कोकणात राखणदार म्हटल्यावर जे डोळ्यासमोर येतं साधारण तसंच. त्याच्यावर शिव बसवणं सोपं होतं, कारण शिव डोंगरावरचा, लिंग जमिनीत रोवलेलं. लाओसमधल्या वाट फू इथला डोंगर बघा, माथ्यावर नैसर्गिक सुळका आहे, त्याला त्यांनी लिंगपर्वत म्हटलं. डोंगराची पूजा त्याच्याही आधी चालू असणार.

आणि पाणी. कुलेन डोंगरावर आणि जवळच क्बाल स्पेआन इथे नदीच्या पात्रातच शेकडो लिंगं कोरलीत, बाजूला शेषशायी विष्णू, नाभीतून ब्रह्मा वगैरे. नदी त्यांच्यावरून वाहते आणि मग खाली अंकोरच्या मैदानात जाते. तिथे प्रचंड कृत्रिम तलाव, त्यांना बाराय म्हणतात. पश्चिम बाराय जवळपास 8 किलोमीटर लांब आणि 2 किलोमीटरहून रुंद आहे आणि त्यात आजही पाणी असतं. म्हणजे तुमच्या भाताच्या खाचरात येणारं पाणी शिवलिंगावरून येतंय, विष्णूच्या अंगावरून येतंय, आणि ते आणलंय राजाने. त्या शेतकऱ्याला संस्कृतचं एक अक्षर येत नसलं तरी एवढं कळायला काय लागतं?

दोन धर्मांत भांडणं झाली की नाही? की सगळं गोडीगुलाबीने?

झाली, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. सातव्या शतकाच्या शेवटी चिनी भिक्खू इत्सिंग याने तक्रार केलीय की फुनानच्या भागात एका दुष्ट राजाने बौद्धांना हाकलून दिलं. त्यानंतर यशोवर्मन पहिला, नवव्या शतकाच्या शेवटचा, याने राज्यभर शंभरेक आश्रम काढले, आणि राजधानीच्या तलावाकाठी शैव, वैष्णव आणि बौद्ध असे वेगवेगळे आश्रम. उदार माणूस. पण बौद्ध आश्रमाच्या नियमांत लिहून ठेवलंय की विद्वान बौद्ध आचार्याचा मान राखावा, पण विद्वान ब्राह्मणापेक्षा थोडा कमी. हे 'थोडा कमी' वाचून मला हसू आवरत नाही, किती सरकारी भाषा आहे.

सगळ्यात मोठा प्रकार तेराव्या शतकात झाला. कुणीतरी अंकोरमधल्या बुद्धाच्या मूर्ती हजारोंनी छिन्नीने उडवल्या. बहुतेक अभ्यासक जयवर्मन आठवा याच्याकडे बोट दाखवतात, तो शैव होता. ता प्रोम आणि प्रेआ खान या बौद्ध देवळांमध्ये रिकामे कोनाडे दिसतात, कडेची नक्षी शाबूत आणि मधला बुद्ध खरवडलेला. काही ठिकाणी तर बुद्धाला दाढी कोरून ऋषी केलाय, किंवा आकार बदलून लिंग केलंय. बायोन या चेहऱ्यांच्या मनोऱ्यांच्या देवळातली, गाभाऱ्यात नागावर बसलेली 3.6 मीटर उंच बुद्धमूर्ती फोडून विहिरीत टाकली होती, ती 1933 मध्ये तुकड्यांत सापडली, जोडली आणि परत पूजेत बसवली.

तरी पाचेकशे वर्षांच्या हिशेबात हे प्रसंग मोजकेच आहेत. आणि धर्मावरून इथे गावंच्या गावं कापली गेली असं काही दिसत नाही. राग काढला तो दगडावर.

अंकोर वाट नक्की कुणाचं? हिंदू मंदिर की बौद्ध?

बांधलं सूर्यवर्मन दुसरा याने, बाराव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात, विष्णूसाठी. त्याला मेल्यावर नाव दिलं परमविष्णुलोक. बाहेरचा खंदक धरून आवार साधारण 160 हेक्टरचं, मधला मनोरा 65 मीटर उंच, खंदकच 190 मीटर रुंद. तोंड पश्चिमेला, जे ख्मेर देवळांत सहसा नसतं, आणि भिंतींवरची शिल्पं उलट्या प्रदक्षिणेने बघत जायची आहेत, म्हणून काही जण म्हणतात की हे राजाचं स्मारकही असावं.

पूर्वेच्या ओवरीतलं समुद्रमंथन चुकवू नका. 49 मीटर लांब एकच पट्टा, अक्षरशः चालत चालत बघावं लागतं. मधे विष्णू, खाली कूर्म, आणि सगळे जण एका लयीत मागे झुकून वासुकीला ओढतायत, ओळीच्या ओळी गुडघे एकाच कोनात वाकलेले. शेपटीच्या टोकाला देवांच्या बाजूने एक मोठा वानर आहे, त्याला सहसा हनुमान समजतात. आता आपल्याकडच्या समुद्रमंथनात हनुमान कुठून आला? तर तो तिथे आहे, कारण ख्मेरांना तो आवडतो. दक्षिणेकडे यमाचा दरबार आहे, चित्रगुप्तासकट, वर 37 स्वर्ग आणि खाली 32 नरक, आणि प्रत्येक नरकाखाली कुठल्या पापाला कुठली शिक्षा हे कोरून ठेवलंय.

पुढे देश थेरवादी (पाली ग्रंथ मानणाऱ्या जुन्या वळणाच्या बौद्ध पंथाचा) झाला आणि अंकोर वाट बौद्ध विहार झालं, भिक्खू राहायला लागले, बुद्धमूर्ती आल्या. पण कमाल पुढेच आहे. ईशान्येकडच्या दोन ओवऱ्या चारशे वर्षं कोऱ्या होत्या, त्या सोळाव्या शतकात, 1546 ते 1564 च्या दरम्यान, राजा आंग चान याने कोरून पूर्ण करवल्या. तो स्वतः थेरवादी बौद्ध. आणि कोरलं काय, तर कृष्ण आणि बाणासुराचं युद्ध! कोरीवकाम जुन्याच्या पासंगाला पुरत नाही हे खरं, पण बौद्ध राजाने विष्णूच्या देवळाचं राहिलेलं काम विष्णूच्याच गोष्टीने पूर्ण केलं. त्याला हे आपल्याच पूर्वजांचं अर्धं राहिलेलं काम वाटलं असणार, परक्या धर्माचं वाटलं असतं तर त्याने हात कशाला लावला असता?

आणि पश्चिमेच्या दारात उजव्या हाताला एक भलीमोठी आठ हातांची विष्णूमूर्ती उभी आहे. लोक तिला ता रीच म्हणतात, अंगावर पिवळी-भगवी वस्त्रं, पुढे उदबत्त्या, फळं, कधी आख्खं उकडलेलं डुकराचं डोकं. मूर्ती विष्णूची, भक्त बौद्ध, आणि पूजा नेआक ताची. तीनही थर एका जागी.

जयवर्मन सातवा एवढा गाजतो, त्याने वेगळं काय केलं?

चिनी नोंदींप्रमाणे 1177 मध्ये चाम सैन्याने अंकोर लुटलं. 1181 मध्ये जयवर्मन सातवा गादीवर आला, तेव्हा तो तरुण नव्हता, आणि त्याने महायान, म्हणजे बोधिसत्त्वांना पुजणारा बौद्ध धर्म, राज्याच्या केंद्रस्थानी आणला. आईसाठी ता प्रोम बांधलं 1186 मध्ये, तिला प्रज्ञापारमिता या बौद्ध देवीच्या रूपात बसवलं. वडिलांसाठी प्रेआ खान 1191 मध्ये, ते लोकेश्वर या करुणेच्या बोधिसत्त्वाच्या रूपात. म्हणजे वरून शुद्ध महायान आणि आतून पूर्वजपूजा, ख्मेर पद्धतीची.

ता प्रोमच्या शिलालेखातले आकडे वाचून गरगरायला होतं. आवारात राहायचा हक्क असलेली 12,640 माणसं, त्यात 615 नर्तिका, आणि देवळाच्या सेवेला लावलेली 3,140 गावं आणि 79,365 माणसं. झाडांच्या मुळांपुढे सेल्फी काढताना हा भार कोण वाहत होतं हे जरूर आठवावं.

त्याच लेखात राज्यभरच्या 102 आरोग्यशाळांचा उल्लेख आहे. या भैषज्यगुरू बुद्धाच्या नावाने चालायच्या, प्रत्येकीचे नियम दगडावर कोरलेले, वैद्य किती, औषधं कुटणारे किती, मध, तीळ, कापूर, वेलदोडे किती मिळणार, आणि चारही वर्णांवर इथे उपचार व्हावेत असं स्पष्ट लिहिलेलं. प्रजेच्या अंगातला रोग राजाला स्वतःच्या रोगापेक्षा जास्त सलतो अशा अर्थाचा श्लोक त्यात आहे. हे बोधिसत्त्वाचं बोलणं झालं, राजाच्या तोंडी घातलेलं. शिवाय रस्त्यांवर 121 धर्मशाळा.

आणि हिंदू देवांचं काय केलं त्याने? काढले नाहीत. प्रेआ खानमध्ये मधे लोकेश्वर, पश्चिमेला विष्णूचा भाग, उत्तरेला शिवाचा, दक्षिणेला पूर्वज राजांचा, सगळं एकाच तटबंदीत. अंकोर थोम या त्याच्या राजधानीच्या दरवाजांपुढे एका बाजूला 54 देव आणि दुसऱ्या बाजूला 54 असुर नाग धरून उभे आहेत. शहर बौद्ध, वेशीवर समुद्रमंथन, कमानीच्या कोपऱ्यात ऐरावतावर इंद्र.

बायोनवरचे हसरे चेहरे कुणाचे?

लोकेश्वराचे म्हणतात, राजाचे म्हणतात, ब्रह्माचेही म्हणतात. मला वाटतं तो घोळ मुद्दाम ठेवलेला आहे.

बायकांचं स्थान काय होतं?

चोऊ तागुआन लिहितो की बाजार बायकाच चालवतात. आणि विद्वत्ता म्हणाल तर इंद्रदेवी. जयवर्मन सातव्याची पहिली राणी जयराजदेवी वारली, मग तिच्या मोठ्या बहिणीशी, इंद्रदेवीशी त्याने लग्न केलं. ही बौद्ध विद्यालयात शिकवायची आणि धाकट्या बहिणीच्या आठवणीत तिने लिहिलेली संस्कृत प्रशस्ती फिमेआनाकासच्या शिलालेखात आहे. बाराव्या शतकाच्या आसपास एक बाई स्वतःच्या नावाने संस्कृत काव्य रचते आणि ते राजवाड्याच्या आवारात कोरलं जातं, आपल्याकडे त्या काळात अशी किती उदाहरणं सापडतील?

मग एवढं सगळं सोडून ते थेरवादी का झाले?

श्रीलंकेतून आलेली थेरवादाची लाट ब्रह्मदेश, थायलंडमार्गे पसरत होती. ब्रह्मदेशातल्या बखरीप्रमाणे बाराव्या शतकाच्या शेवटी श्रीलंकेत दीक्षा घेऊन परतलेल्या भिक्खूंत कंबोजच्या राजाचा एक मुलगा होता. अंकोरमधला पहिला पाली शिलालेख 1309 च्या सुमाराचा आहे. चोऊ तागुआनने मुंडण केलेले, पिवळी वस्त्रं घालणारे, अनवाणी भिक्खू पाहिले होतेच.

कारण म्हणाल तर थेरवादाला डोंगराएवढं देऊळ लागत नाही, हजारो सेवक लागत नाहीत, आणि गावातला कुठलाही मुलगा काही महिने भिक्खू होऊन अक्षरओळख करून परत येऊ शकतो. शंकराच्या गाभाऱ्यात त्याला कुणी जाऊ दिलं असतं का? आधीचे दोन्ही धर्म वरून खाली आले होते, हा गावात आधी रुजला. आणि जेव्हा राजधानी गेली, राजे गेले, तेव्हा राजांवर अवलंबून असलेलं सगळं कोलमडलं आणि गावातला विहार उभा राहिला.

धर्म बदलला म्हणून अंकोर कोसळलं का?

ही जुनी थिअरी आहे आणि आता तिला फारसं कुणी धरत नाही. झाडांच्या वर्तुळांवरून कळलंय की चौदाव्या-पंधराव्या शतकांत लांबलचक दुष्काळ आणि मधेच प्रचंड पाऊस असा फेरा आला, त्यात कालवे आणि बांध फुटले. 1431 मध्ये अयुथयाने, म्हणजे शेजारच्या थाई राज्याने, हल्ला केला. शिवाय समुद्री व्यापार वाढला आणि दरबार खाली फ्नॉम पेन्हच्या बाजूला सरकला. अंकोर वाट मात्र कधीच ओसाड पडलं नव्हतं, 1632 मध्ये आलेल्या जपानी यात्रेकरूने खांबावर शाईने लिहून ठेवलेलं अजून आहे. तेव्हा 'फ्रेंच माणसाने 1860 मध्ये जंगलात शोधलं' हे वाक्य कुणी टाकलं की सरळ टोका.

आज तिकडे हिंदू असं काय शिल्लक आहे?

हिंदू म्हणून गणले जाणारे लोक नगण्य, 1993 च्या घटनेने बौद्ध धर्म हाच राजधर्म आहे. पण राजवाड्यात बाकू नावाचे दरबारी ब्राह्मण आहेत, राज्याभिषेक आणि नांगरणीचा राजविधी तेच चालवतात. त्या नांगरणीत बैलांपुढे तांदूळ, मका, तीळ, गवत, पाणी, दारू असं सात भांड्यांत मांडतात आणि बैल काय खातो यावरून वर्ष कसं जाईल ते सांगतात. रामकथा रामकेर नावाने नृत्यात आणि चामड्याच्या बाहुल्यांत जिवंत आहे, तीही बौद्ध होऊन. ख्मेर रूजच्या, म्हणजे पोल पॉटच्या कम्युनिस्ट राजवटीच्या काळात, 1975 ते 1979, भिक्खूंची वस्त्रं उतरवली, विहार बंद केले, नर्तक मारले गेले, त्यातूनही हे परत उभं राहिलं, ही साधी गोष्ट नाही.

महाराष्ट्राशी काही नातं आहे का?

थेट असं नाही, आणि उगाच ताणू नये. ख्मेर लिपी दक्षिणेच्या पल्लव लिपीतून आली. पण दोन-तीन धागे खरे आहेत. त्यांचे शिलालेख शकात आहेत, म्हणजे आपल्या पंचांगावर असतो तोच शक. 802 म्हणजे शके 724. मेकाँगकाठच्या सांबोरमधल्या एका लेखात शके 605 लिहिताना मधल्या शून्यासाठी टिंब दिलंय, म्हणजे 683 साल, शून्याच्या जगातल्या अगदी जुन्या नमुन्यांपैकी एक.

दुसरं, पितृपक्ष. भाद्रपद वद्य पक्षात आपल्याकडे पक्ष चालू असतो तेव्हाच त्यांचा प्चुम बेन असतो, पंधरा दिवस. पहाटे काळोखात लोक विहाराभोवती फिरून भाताचे गोळे टाकतात, भुकेल्या पितरांसाठी, कारण यमाने त्यांना त्या पंधरवड्यापुरतं सोडलेलं असतं. फक्त तिकडे भटजींऐवजी भिक्खू आणि कावळ्याची वाट बघणं नाही. आणि अशुभ वगैरे काही नाही, उलट राष्ट्रीय सुट्टी, बसला जागा मिळत नाही.

तिसरं म्हणजे वेरूळच्या कैलास लेण्यात रावण कैलास हलवतो ते शिल्प पाहिलं असेल तर बांतेय स्रेईच्या दर्शनीपट्टीवर तोच प्रसंग गुलाबी वालुकाश्मात बघा. वेरूळचा रावण अंगावर येतो. हा हातभर जागेत बसवलेला, वर पार्वती शंकराला बिलगलेली, मधल्या थरांत घाबरलेले ऋषी आणि पळणारे प्राणी, आणि पानाफुलांची नक्षी इतकी खोल की लाकडात कोरल्यासारखी वाटते.

जायचं ठरलंय, कुठल्या क्रमाने बघू?

गाइड आधी अंकोर वाटच्या सूर्योदयाला नेतात, गर्दी असते. वेळ असेल तर काळाच्या क्रमाने जा. आधी रोलुओस, म्हणजे जुनं हरिहरालय, तिथलं बाकोंग 881 सालचं. मग बांतेय स्रेई, 967 सालचं, ते सकाळी लवकर. मग अंकोर वाट, दुपारनंतर, कारण तोंड पश्चिमेला आहे आणि उजेड तेव्हा समोरून पडतो. शेवटी प्रेआ खान, ता प्रोम आणि बायोन. ता प्रोममध्ये डागडुजीचं काम बरंचसं आपल्या पुरातत्त्व खात्याने केलंय. फ्नॉम पेन्हचं राष्ट्रीय संग्रहालय सोडू नका, चांगल्या मूर्ती तिथे आहेत, देवळांत बऱ्याच जागा रिकाम्या दिसतात त्याचं कारण चोरी आणि संग्रहालय दोन्ही. अंकोर वाटच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, बाकानवर जायचं असेल तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आणि बौद्ध उपोसथाच्या (चंद्राच्या तिथीवर येणाऱ्या व्रताच्या) दिवशी तो जिना बंद असतो, म्हणून तिकीट काढायच्या आधी तिथी बघून घ्या.